होडीची वाकडी हँडरेल बदलताना (आणि माझ्याकडे उजवीकडच्याच दोन कशा झाल्या)

दुपारचा वारा भरला होता, प्राँग्जच्या दीपगृहाच्या अलीकडे आम्ही टॅक घेतली (वारा दुसऱ्या अंगाने घेत होडी वळवली) आणि पुढचं शीड कुठेतरी अडकलं म्हणून माझा मेहुणा सोडवायला केबिनच्या कडेकडेने पुढे निघाला, एक हात हँडरेलवर. तेवढ्यात लाट आडवी आली, त्याने सगळं वजन त्या हातावर टाकलं आणि कर्रर्र. रेल उखडली नाही हे नशीब, पण मधल्या पायापाशी चांगली लांब चीर गेली आणि चिरेतून बोल्टची गंजकी मान दिसायला लागली. मेहुणा मागे येऊन बसला तो गेटवे येईपर्यंत उठलाच नाही.

होडी २४ फुटी, फायबरची, सेकंडहँड. केबिनच्या छपरावर दोन्ही बाजूंना सागाच्या हँडरेल. ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, ही रेल म्हणजे एक लांब लाकडी पट्टी असते, तिला खालून कमानी कापलेल्या असतात. कमानीत हात जातो, दोन कमानींच्या मधे जो भाग छपराला टेकतो त्याला मी पाय म्हणतो. प्रत्येक पायातून एक बोल्ट छप्पर भेदून केबिनमधे जातो आणि आतून नटने आवळलेला असतो. माझ्या रेलला सहा पाय आणि पाच कमानी, लांबी १७८० मिलिमीटर. आता केबिन पुढे डोलकाठीकडे निमुळती होत जाते, त्यामुळे रेलही सरळ नसते, वरून बघितलं तर धनुष्यासारखी बाहेर फुगलेली. दोन टोकांना दोरी ताणून धरली तर मध्यावर ४२ मिलिमीटरचं अंतर पडत होतं. शिवाय छप्पर उभ्यातही थोडं गोलसर, म्हणजे वळण एक नाही, दोन.

या कामातली सगळी गंमत (आणि सगळी चूक) या वळणात आहे. होडीच्या माझ्या आधीच्या मालकाने काय केलं होतं, तर सरळ रेल आणली, एका टोकाला बोल्ट मारला आणि बाकीची जोर लावून वाकवत वाकवत एकेक बोल्ट आवळत गेला. बसते तशी, दिसतेही छान. पण ती रेल तेव्हापासून चोवीस तास सरळ व्हायचा प्रयत्न करत असते. तो ताण कुठे जाणार, तर बोल्टवर आणि भोकांवर. भोकाच्या कडेचं सीलंट (फट बुजवणारा चिकट थर) एका बाजूने दाबलं जातं, दुसऱ्या बाजूने सुटतं, तिथून पाणी आत. डाव्या बाजूच्या बर्थची गादी दर पावसाळ्यात ओली का होते हे मी चार वर्षं खिडकीच्या नावावर खपवलं होतं. खिडकीचा बिचारीचा काही दोष नव्हता.

म्हणून आधीच सांगून ठेवतो, वळण लाकडात आधी आलं पाहिजे, होडीवर नाही. रेल नुसती छपरावर ठेवली, बोल्ट न लावता, तर ती आपणहून जागेवर बसली पाहिजे. बाकी सगळं त्या हिशोबाने.

कधी करायचं? आपल्याकडे होड्या मे अखेरीला पाण्याबाहेर निघतात आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू परत जातात, तेव्हा वाटतं की पावसाळ्यात निवांत करू. तसं करू नका. जुन्या रेल काढायचं आणि छपराची भोकं भरायचं काम मे महिन्यातच उरका, तेव्हा ऊन असतं, भोकं वाळतात. रेल बनवायचं काम घरात, जून-जुलैमधे. बसवायचं काम पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात. उलट केलंत तर बारा उघडी भोकं घेऊन ताडपत्रीखाली अख्खा पावसाळा काढाल.

जुनी रेल काढायच्या आधी तिचा फर्मा घ्या. हे मी मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. कारण वाकवून बसवलेली रेल बोल्ट सुटले की टुणकन सरळ होते, मग माप कशाचं घेणार? सहा एमएम प्लायची लांब पट्टी रेलच्या बाहेरच्या अंगाला छपरावर ठेवा, कंपासने रेलची कड त्या पट्टीवर उतरवा, प्रत्येक पायाचं मध्य मारा, मग जिगसॉने ती रेघ कापून परत लावून बघा. कुठे फट दिसली तर रंधा नाहीतर कानस मारून जुळवा. आणि फर्म्यावर लिहा: पुढची बाजू कुठली, वरची बाजू कुठली. मी पुढची बाजू लिहिली. वरची नाही लिहिली. त्याचं पुढे येईलच.

आता काढणं. बोल्टच्या डोक्यावर लाकडी बूच बसवलेली असतात, ती आधी काढायची. बुचाच्या मध्यावर तीन एमएमचं भोक पाडा, त्यात एक साधा लाकडाचा स्क्रू फिरवत जा, स्क्रूचं टोक खाली बोल्टच्या डोक्याला टेकलं की पुढे जायला जागा नसते, मग बूचच वर चढत येतं. फार समाधानकारक प्रकार आहे, बारापैकी नऊ अख्खी निघाली. उरलेली पटाशीने फोडून काढली.

मग दोन माणसं लागतात, एक वर स्क्रूड्रायव्हर धरून, एक आत पाना घेऊन. आत म्हणजे मे महिन्यातल्या फायबरच्या केबिनमधे, तेव्हा सकाळी आठच्या आत सुरू करा, नाहीतर आतला माणूस तुमच्याशी परत बोलणार नाही. डोकं धरून ठेवायचं आणि नट फिरवायचा. जिथे बोल्ट नुसताच गरगर फिरतो तिथे हुज्जत घालू नका, रेल आणि छप्पर यांच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं ब्लेड घालून (एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरायचं) बोल्ट कापा. सीलंटने चिकटलेला पाय स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, त्याने जेलकोटचे (फायबरवरच्या चकचकीत थराचे) टवके उडतात. रुंद पुट्टीची पत्री एका बाजूने, मग दुसरी, मग मधे लाकडाची पातळ पाचर, आणि चहा पिऊन या. हळूहळू सुटतं.

माझी रेल सुटल्यावर मी ती जमिनीवर ठेवून दोरी धरली. ४२ पैकी जेमतेम १५ मिलिमीटर वाक उरला होता. बाकी सगळा बोल्टने पकडून ठेवलेला.

आता भोकं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. फायबरच्या होडीचं छप्पर नुसतं फायबर नसतं, वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा आणि मधे बाल्सा किंवा प्लायवुड, सँडविचसारखं. पाणी एकदा मधल्या लाकडात शिरलं की ते बाहेर येत नाही, आडवं पसरत जातं आणि लाकूड कुजतं. वाकडा खिळा किंवा सुई भोकात घालून मधला थर खरवडून बघा. कोरडा पिवळट भुसा आला तर बरं. माझ्या डावीकडच्या तिसऱ्या भोकातून चहाच्या गाळणीत उरतो तसा काळा ओला चोथा आला, बोटभर.

इलाज असा. सहा एमएमच्या बोल्टसाठी वरून बारा एमएमचं भोक पाडायचं, पण वरचा पापुद्रा आणि मधलं लाकूड एवढंच, खालच्या पापुद्र्याला हात लावायचा नाही. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली ठरवा. मग एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमधे लावा आणि भोकात फिरवा, तो आजूबाजूचं लाकूड सगळीकडून पाव-अर्धा इंच कोरून काढतो. कुजलेलं सगळं निघालं पाहिजे. मग आठवडाभर मे महिन्याच्या उन्हात उघडं ठेवा, रात्री झाका. वाळल्यावर खालून टेप लावून भोक बंद करा, आधी पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारा गोंद) ब्रशने आत फिरवा, ते लाकडात मुरू द्या, मग सिलिका पावडर घालून दह्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी सिरिंजने भरा, वरपर्यंत. दुसऱ्या दिवशी घासून सपाट. आता पुढे या इपॉक्सीच्या मध्यातून बोल्टचं भोक पाडलं की बोल्ट लाकडाला कुठेच लागत नाही, गळलं तरी पाणी मधल्या थरात जाऊ शकत नाही, आणि आवळताना छप्पर दबतही नाही. काळा चोथा बोटभरापेक्षा जास्त असेल, छपरावर चालताना पायाखाली लवत असेल, तर हँडरेल विसरा, ते छपराचं वेगळं मोठं काम आहे.

लाकूड. साग. दुसरं चालतं का, तर चालतं, पण साग तेलकट असतो, पाण्याने फुगत-आकसत कमी, सहज कुजत नाही आणि पॉलिश न करता वर्षानुवर्षं उघडा राहू शकतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका १८१७ ची, ती आजही इंग्लंडमधे हार्टलपूलला पाण्यात उभी आहे, तेव्हा आपल्या दोन हँडरेलचं काय घेऊन बसलात. मी रे रोडच्या लाकूडबाजारातून सीपी साग घेतला, सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, बल्लारशा-चंद्रपूरकडचा. प्रांत जाऊन किती वर्षं झाली, वखारीत नाव तेच. लाकूड घनफुटावर मिळतं आणि मला लागत होतं अर्ध्या घनफुटाच्या आसपास, वखारवाल्याने आधी वर बघितलं, मग म्हणाला, "साहेब, देव्हारा करताय का?"

निवडताना तीन गोष्टी बघा. फिकट पांढरट भाग (साल आणि गाभा यांच्या मधला) अजिबात नको, तो कुजतो. गाठ नको. आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात, मधेच कडेला बाहेर पडणाऱ्या नकोत. या तिसऱ्याचं कारण असं की बरेच सुतार सांगतात, कशाला एवढा उपद्व्याप, रुंद फळी घ्या आणि वाकडा आकार सरळ कापून काढा. कापता येतो, पण मग वळणाच्या टोकांना रेषा तिरक्या कापल्या जातात आणि त्यात खालून कमानी कोरल्यावर तिथे लाकूड जेमतेम अडीच सेंटिमीटर उरतं. चॉकलेटची वडी मोडावी तसं तिथे मोडतं. गावाकडे होडीच्या वाकड्या फासळ्यांना मिस्त्री मुद्दाम वाकडी वाढलेली बाभूळ शोधतात ते याच कारणाने, तिथे रेषाच वळणाबरोबर वळलेली असते. सागाची तशी फांदी मिळणार नाही. आणि वाफ देऊन वाकवायचं म्हणाल तर बाजारातला वाळलेला साग वाफेला फारसा दाद देत नाही, मी एक तुकडा करून बघितला, वाकला कमी आणि तडकला जास्त.

म्हणून पट्ट्या. फळी चिरून पाच एमएमच्या पातळ पट्ट्या करायच्या, त्या हाताने सहज वाकतात, मग साच्यावर एकावर एक चिकटवायच्या. पाच पट्ट्या म्हणजे २५ एमएम जाडी. प्रत्येक रेलला ७५ बाय ५० चा दोन मीटरचा एक तुकडा घ्या, करवतीत तीन एमएम जातं, रंध्यात थोडं जातं, बरोबर पाच पट्ट्या निघतात. दोन रेलना दोन तुकडे लागतात. तीन घ्या. का ते कळेल.

मिलवर चिरून घेतल्यावर पट्ट्यांचा क्रम मोडू देऊ नका. चिरायच्या आधीच तुकड्याच्या कडेवर खडूने मोठा त्रिकोण काढा, मग पट्ट्या कशाही विस्कटल्या तरी त्रिकोण जुळवून लावता येतात आणि चिकटवलेली रेल एकाच लाकडाची वाटते.

पट्टी उभी धरायची, ७५ एमएम ही उंची. म्हणजे चिकटवल्यावर बाजूचं वळण (ते ४२ वालं) पट्ट्यांमुळे येतं आणि उभ्यातलं छपराचं गोलपण आपण नंतर खालची कड कापून आणायचं, म्हणूनच उंची गरजेपेक्षा थोडी जास्त ठेवली. दोन्ही वळणं एकदम चिकटवण्यात आणायच्या भानगडीत पडू नका.

साचा अगदी साधा. १८ एमएम प्लायचा दोन मीटर लांब तुकडा, त्यावर फर्म्याची रेघ उतरवायची आणि रेघेला लागून दर १५ सेंटिमीटरवर लाकडाचा एक ठोकळा स्क्रूने पक्का करायचा. ठोकळ्यांवर आणि खाली पॅकिंगची प्लॅस्टिक टेप, नाहीतर साचाच रेलचा भाग होऊन बसेल. साच्यातून काढल्यावर रेल थोडी परत उघडते, तिचा एक ढोबळ हिशोब आहे, पट्ट्यांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि वाकाला त्याने भागायचं. दोन पट्ट्या असत्या तर चौथा हिस्सा वाक गेला असता. पाच आहेत म्हणून पंचविसावा, ४२ भागिले २५, पावणेदोन मिलिमीटर. मी साचा दोन एमएमने जास्त वाकडा केला आणि रेल काढली तेव्हा फर्म्याला कागद सरकणार नाही अशी बसली. आयुष्यात गणित इतकं सरळ उपयोगी पडल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

चिकटवायच्या दिवशी आधी कोरडी तालीम करा. सगळ्या पट्ट्या साच्यात घालून सगळे क्लॅम्प लावून बघा. बारा-तेरा क्लॅम्प लागतात, माझ्याकडे पाच होते, बाकीचे फर्निचरवाल्या मित्राकडून आणले आणि त्याला अजून दोन परत द्यायचेत. मग पट्ट्यांना ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर हलका मारा आणि प्रत्येक बाजू अ‍ॅसिटोनने पुसा, कापड पिवळं होतं ते सागाचं तेल. पुसल्यावर तासाभरात चिकटवा, उद्यावर टाकू नका, तेल परत वर येतं. घासताना मास्क लावा, सागाचा बारीक भुसा घशाला आणि कातडीला दोन्हीला लागतो.

इपॉक्सी स्लो हार्डनरचं घ्या, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर. अंदाजपंचे नको. आणि मिसळलं की डब्यात ठेवू नका, लगेच पसरट ट्रेमधे ओता. जूनच्या उकाड्यात खोल डब्यात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं, पहिल्या वेळी माझा प्लॅस्टिकचा ग्लास दहा मिनिटांत वितळून वाकडा झाला आणि त्यातून धूर निघाला, घरात जो काय तमाशा झाला तो सोडा. बाहेर धो धो पाऊस असेल त्या दिवशी करू नका, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. मी पंखा बंद, एसी चालू करून बेडरूममधे केलं. हो, बेडरूममधे. दोन मीटरचं दुसरीकडे काही मावत नव्हतं.

दोन्ही तोंडांना लावायचं, आधी पातळ, मग थोडी सिलिका घालून घट्ट. पाची पट्ट्या एकत्र साच्यात, मधला क्लॅम्प आधी, मग तिथून दोन्ही टोकांकडे. क्लॅम्प जिवाच्या आकांताने आवळायचे नाहीत. सगळ्या फटींतून इपॉक्सीचे बारीक थेंब एका ओळीत घामासारखे फुटले की थांबा, त्याच्या पुढे आवळलंत तर गोंद सगळा बाहेर आणि आत कोरडं. वरून हातोडीने ठोकून पट्ट्या एका पातळीत आणा, बाहेर आलेलं ओलं असतानाच पुसा. दोन दिवस साच्यात राहू द्या.

इथे माझा पराक्रम. डावी आणि उजवी रेल एकमेकींच्या आरशातल्या असतात, पण कमानी कापायच्या आधी नुसता वाकवलेला ठोकळा उलटा केला, म्हणजे वरची कड खाली, की उजवीचा डावा होतो, त्यामुळे साचा एकच पुरतो. इतपत मला कळत होतं. पण मी दोन्ही ठोकळे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एकाच फर्म्याने, एकाच अंगाने कमानी आखल्या आणि दोन्ही कापल्या. मस्त कापल्या. रात्री अकरा वाजता दोन्ही हातात धरून बघतो तर दोन्ही उजवीकडच्या. तोवर छपराच्या गोलाईप्रमाणे खालची कड पण कापलेली, उलटायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी परत रे रोड. वखारवाला म्हणाला, "देव्हारा मोठा करताय वाटतं."

तेव्हा कापायच्या आधी दोन्ही ठोकळे होडीवर नेऊन जागेवर ठेवा आणि तिथेच खडूने लिहा, डावा, उजवा, पुढे, वर. तिथेच खालच्या कडेची रेघही मारून घ्या: ठोकळा जागेवर उभा धरायचा, छपराशी सगळ्यात जास्त फट असेल तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा घ्यायचा, त्यावर पेन्सिल आडवी ठेवून छपरावरून सरकवत न्यायची. छपराचा आकार आपोआप ठोकळ्यावर उमटतो. त्या रेघेवर जिगसॉ, मग शेवटचं जुळवणं असं की छपरावर पायांच्या जागी पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून दुतोंडी टेपने चिकटवा आणि रेल तिच्यावर दोन-चार सेंटिमीटर पुढेमागे घासा. छप्परच पायाला आकार देतं.

कमानींच्या दोन टोकांना मोठ्या होलसॉने गोल भोकं पाडा आणि मधलं जिगसॉने कापा. नुसत्या जिगसॉने कोपरे कधीच सारखे येत नाहीत. कमान आणि छपराच्या मधे किमान ३८-४० एमएम तरी जागा ठेवा, ओल्या हातमोज्यासकट मूठ गेली पाहिजे. बायकोचा हात घालून बघा, मग मेहुण्याचा. कडा राउटरने गोल करा, राउटर नसेल तर मरफा, कानस आणि पॉलिश पेपर, वेळ लागतो पण हाताला लाकूड चांगलं कळतं. पायांच्या खालच्या कडा मात्र गोल करू नका, तिथे सीलंट बसायचंय.

बोल्टचं भोक पाडताना आधी बुचाचा खड्डा, मग बोल्टचं आरपार भोक. उलटं केलंत तर मोठ्या बिटला धरायला मध्य उरत नाही आणि ते नाचतं. खड्डा दहा-बारा एमएम खोल, त्याहून खोल गेलात तर बोल्टखाली लाकूड कमी उरतं. पहिल्यांदा दोन टोकांची भोकं पाडा, रेल जागेवर धरून तिथूनच छपरात खाली इपॉक्सीतून आरपार, बोल्ट सैल अडकवा आणि मग मधली चार. सगळी एकदम घरी पाडून आणलीत तर एखादं तरी हुकणार.

बोल्ट स्टेनलेस ३१६. नागदेवी स्ट्रीटवर (मुंबईतला हार्डवेअरचा बाजार) नुसतं एसएस मागितलं तर ३०४ देतील, खाऱ्या हवेत त्याला चहाच्या रंगाचे ओघळ येतात. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका, मॉलिब्डेनम टेस्टचं थेंबाचं द्रावण मिळतं ते टाकून बघतात. आतून नटखाली लहान वायसर नको, किमान २५ एमएमचे मोठे जाड वायसर, किंवा दोन पायांना मिळून एक पट्टी. माझ्या होडीवर आधी नटाएवढेच वायसर होते, त्यांनी आतल्या पापुद्र्यात खळी पाडली होती.

सीलंट. सिलिकॉन नको. ते सुटतं, आणि सुटल्यावर जो तेलकट थर राहतो त्यावर पुढे काहीही चिकटत नाही, रंगसुद्धा. ते पांढरं कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन पण नको, दहा वर्षांनी कोणीतरी ही रेल काढणार आहे, त्याचे शिव्याशाप कशाला घ्या. पॉलिसल्फाइड चालतं. मी ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ चिकट पट्टी) वापरली, डांबरवाली नाही, खरी ब्युटाइल. छपरावरच्या प्रत्येक भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक बिटने छोटी वाटी करा, टेपची गोळी करून रेलच्या खालून बाहेर आलेल्या बोल्टभोवती शंकूसारखी गुंडाळा, पायाखाली आणखी एक थर, आणि रेल सरळ खाली ठेवा. आपल्या हवेत ही टेप दुपारी च्युइंगगमसारखी लिबलिबीत होते, म्हणून सकाळी लवकर करा आणि रोल बर्फाच्या डब्यात ठेवा.

आवळताना वरचं डोकं घट्ट धरून ठेवायचं आणि आतून फक्त नट फिरवायचा. डोकं फिरलं की गुंडाळलेलं सगळं सीलंट पिळवटून निघतं. आणि एका दिवसात पूर्ण आवळू नका. टेप हळूहळू दबते, कडेने काळा-राखाडी गोफ बाहेर येतो, तो प्लॅस्टिकच्या पत्रीने कापा, दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा, आठवड्याने परत बघा. बुचं या सगळ्यानंतरच.

बुचं सागाचीच, रेषा रेलच्या रेषेला समांतर, थोडं वार्निश लावून हलकी ठोकायची. इपॉक्सीने बसवलीत तर पुढच्या माणसाला काढता येणार नाहीत. वर आलेलं बूच पटाशीने कापताना आधी अर्ध्या उंचीवर एक काप घ्या, रेषा कुठल्या बाजूला उतरते ते दिसतं, मग दुसऱ्या बाजूने शेवटचा काप. घाईत एका घावात कापलंत तर बूच खड्ड्याच्या आत तुटतं.

पॉलिशचं म्हणाल तर माझं मत ऐकून लोक नाराज होतात. वार्निश करायचं तर सहा-सात हात, दरवर्षी दोन हात परत, आणि एक उन्हाळा चुकला की बुचांपाशी पापुद्रे सुटायला सुरुवात. टीक ऑइल लावलंत तर आपल्या दमट हवेत दोन महिन्यांत काळी बुरशी धरते. मी काहीच लावत नाही. वर्षभरात राखाडी होते, मधेअधे खाऱ्या पाण्याने आणि मऊ ब्रशने आडवं घासतो, ओल्या हाताला पकड चांगली मिळते. स्टीलचे पाइप लावा म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलमधे दुपारी दोन वाजता ते धरून दाखवावेत.

बसवल्यावर दोन परीक्षा. एक, आत कोणालातरी टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून प्रत्येक पायावर पाच-पाच मिनिटं नळीने पाणी सोडा, एक एक पाय करत, म्हणजे गळालं तर कुठलं ते कळेल. दुसरी, छपरावर बसून दोन्ही पाय रेलला लावा आणि बाहेरच्या बाजूला सगळ्या ताकदीने ढकला. काहीही हललं, चिरकलं, आतला वायसर सरकला, तर बंदरावरच कळलेलं बरं. एवढं करूनही सेफ्टी हार्नेसचा हूक या रेलला लावायचा नाही. ती हाताने धरायला आहे, पडणाऱ्या माणसाचा झटका तिच्यासाठी नाही, हूकसाठी वेगळा पॅडआय (बोल्टने बसवायची धातूची कडी) बसवा.

मेहुण्याने ढकलायची परीक्षा स्वतः घेतली, दोनदा, मग पुढे जाऊन बसला.

तिसरी रेल, म्हणजे दुसरी उजवी, माझ्याकडे माळ्यावर आहे. फर्मा पण आहे, त्यावर आता लाल मार्करने दोन्ही बाजूंना लिहिलंय, एका बाजूला "वर", दुसऱ्या बाजूला "ही वरची नाही".